गालाची बाजू

चेशिन गावात आंद्रिस हेचकोचं घर शोधायला पत्ता विचारावा लागत नसे, नाक पुरत असे. नदीकाठच्या खालच्या गल्लीत शिरलं की आधी चामडं कमावणाऱ्यांचा वास यायचा. त्याच्याही वरताण असा जो दुसरा वास येई, तो आंद्रिसच्या अंगणातला. तिथे सदा एक कढई रटरटत असायची आणि तीत बैलांच्या पायांची हाडं उकळत असायची. उकळून चरबी काढायची, उन्हात पांढरी करायची, करवतीने पातळ चकत्या पाडायच्या, चकत्यांवर हरणं, ससे, कुत्रे, शिकारी कोरायचे, रेघांत काजळ भरायचं आणि मग सरस लावून ते सगळं बंदुकीच्या दस्त्यात बसवायचं, असा त्याचा धंदा. जी बंदूक हाती घेण्याआधी मोठमोठे उमराव हातमोजे चढवत, ती याच वासातून निघते हे त्यांना कुणी सांगत नसे. गावाची ती एक सभ्यता होती.

आंद्रिस स्वतः मात्र सभ्य नव्हता. तो रागीट होता. सकाळी उठला की आधी राग शोधायचा, मग पायताण. त्याची सासू म्हणे की जावई माझा चांगला, फक्त त्याच्याशी बोलू नये. शेजारी त्याच्या रागाकडे हवेसारखं बघत: आज दाट आहे, उद्या उतरेल. तो राग उतरत नसे, याचं कारण मात्र कुणी विचारात घेत नसे, आणि ते कारण चांगलं भक्कम होतं.

एका बंदुकीला किती हात लागतात? नळी एकाची, बार उडवणारी कळ दुसऱ्याची, दस्त्याचं लाकूड तिसऱ्याचं, आणि ज्याच्यामुळे ती बंदूक बघून व्हिएन्नापर्यंतचे लोक माना डोलावत, ते हाडाचं आणि शिंपल्याचं काम आंद्रिसचं. शिक्का कुणाचा? बाल्ट्सर गेर्लाखचा. बाल्ट्सर हा कळ बनवणाऱ्यांचा मास्टर आणि त्यांच्या संघाचा म्होरक्या. संघ लोखंडवाल्यांचा, तेव्हा हाडवाल्याला तिथे जागा नाही. सुतारांच्या संघाने आंद्रिसला घेतलं नाही, कारण तो लाकूड कापत नाही. शेवटी कंगवे बनवणाऱ्यांनी त्याला आपल्यात घेतलं, तेही नाक दाबून. सणाच्या मिरवणुकीत राजेरजवाड्यांच्या बंदुका सजवणारा हा माणूस कंगव्याचं चित्र असलेल्या निशाणाखाली, चेहऱ्यावर मेघ घेऊन चालायचा, आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

पण त्याचा सगळ्यात आवडता राग होता तो गालाच्या बाजूचा.

आमच्याकडची ही हलकी बंदूक खांद्याला लावत नाहीत, गालाला लावतात. दस्ता आखूड आणि हरणाच्या मागच्या पायासारखा वाकडा. तो गालाशी दाबला की त्याची एक बाजू जगाकडे राहते आणि दुसरी गालाखाली झाकली जाते. म्हणून गावाची रीत अशी, की जगाकडच्या बाजूला निवडक शिंपला आणि सरळ रेघा. गालाच्या बाजूला उरलंसुरलं, पिवळट पडलेलं हाड, शिकाऊ हातांची फुलं. आंद्रिसला ही रीत म्हणजे समोरून नवा कोट आणि पाठीला ठिगळ अशी वाटे. तो नेमका गालाच्या बाजूला जीव ओतायचा. तिथे त्याचा शिकारी कुत्रा दमून जीभ काढून बसलेला असे आणि ससा थांबून मागे वळून त्याची चौकशी करत असे. हे कुणाला दिसणार, असं बाल्ट्सर दर वेळी विचारी. आंद्रिस म्हणे, "गालाला." मग बाल्ट्सर ती बाजू बघणंच सोडून देई. वर्षानुवर्षं न बघता त्याला ती न बघायची सवयच लागली. ही सवय लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

एका शरदात बाल्ट्सर मोठं काम घेऊन आला. हाल्डेकच्या गढीवरच्या उमरावाला लग्न करायचं होतं. मुलगी मोराव्हियातल्या एका म्हाताऱ्या काउंटची. वसंतात रानकोंबड्याच्या शिकारीला होणारे सासरे यायचे होते आणि त्यांना नजर करायला बंदूक हवी होती. जगाकडच्या बाजूला काय काढायचं तेही ठरलं होतं. मधोमध स्वतः उमराव, जमिनीवर पाय रोवून, हातात भाला. समोर दोन पायांवर उभं अस्वल. मागे घाबरून पळणारे हाकारे.

पक्षी मारायच्या बंदुकीवर अस्वल कशाला, असं आंद्रिसने सुरुवातीलाच गुरकावून घेतलं. मग विचारलं, कुठलं अस्वल?

बाल्ट्सर म्हणाला, इस्टेब्नाच्या वरच्या रानातलं, गेल्या हिवाळ्यातलं.

कोपऱ्यात आंद्रिसची बायको झुझ्का हाड कापत बसली होती. तिची करवत थांबली.

ते अस्वल तिच्या भावाचं होतं. साऱ्या खोऱ्याला ही गोष्ट पाठ होती. युरा हा तिचा धाकटा भाऊ, डोंगरातला मेंढपाळ, आणि गढीची वेठ म्हणून हाक्याला जाणारा. त्या दिवशी हाका उठला, अस्वल बाहेर आलं, आणि उमरावाने हातातली बंदूक टाकून जवळचं देवदारासारखं फरचं झाड गाठलं. चढताना त्याचा एक बूट गळून पडला. अस्वल बुटाचा वास घेऊन युराकडे वळलं. युरा हरणांना चारा टाकून नुकताच आलेला, म्हणून हातात गवताचं दाताळं. त्याने ते अस्वलाच्या छातीत घातलं आणि अस्वलाने त्याचा उजवा कान नेला. अस्वल गार पडल्यावर, नीट खात्री करून, उमराव खाली उतरला आणि त्याने मेलेल्या अस्वलाला भाला खुपसला. कातडं गढीवर गेलं. पंजे शिजवून पाहुण्यांना वाढले. युराला जखमेवर लावायला अस्वलाची चरबी भरलेलं एक मडकं आलं. त्याच्याच अस्वलाची. आणि दाताळं गढीचं होतं, त्याचे दाते वाकले, म्हणून कारभाऱ्याने त्याला चार शब्दही सुनावले.

हे काम ऐकून आंद्रिस इतका ओरडला की चामडेवाले आपलं काम टाकून कुंपणाशी आले. तो म्हणाला, मी हाडं उकळतो, शरम उकळत नाही. तो म्हणाला, त्या उमरावाला झाडावर चढवा, मी तसाच्या तसा कोरतो. बाल्ट्सर जुना मुरलेला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टोपी चढवत म्हणाला, "हाडाला तोंड नसतं, आंद्रिस. तू हाडाचं काम करतोस ना? मग हाडासारखा वाग. नाहीतर बस कंगवे कोरत."

बाजाराच्या दिवशी युरा मेंढीचं चीज विकायला उतरला तेव्हा बहिणीकडे जेवायला आला. आंद्रिसने त्याच्यापुढे सूप आणि स्वतःचा संताप एकदमच वाढला. वाटलं होतं, आता मेहुणाही पेटेल. पण युरा डोंगरातला माणूस. तिकडे लोक रागावतात तेही मेंढ्या मोजून झाल्यावर. तो भाकरीचा तुकडा सुपात बुडवत म्हणाला, "दाजी, अस्वल गेलं, कान गेला. दोघांनाही माती मिळाली. तुम्ही कशाला उकरताय?"

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. थंडीत टोपी एका बाजूला घसरते."

आंद्रिसने टेबलावर मूठ आपटली आणि सूप सांडलं. त्याबद्दल त्याला वेगळं बोलणं ऐकून घ्यावं लागलं. युरा गेल्यावर झुझ्काने सांडलेलं पुसून फडकं पिळलं. मग, उद्या कोबी आणायचा आहे असं सांगावं इतक्या साध्या सुरात म्हणाली, "गालाची बाजू अजून कोरीच आहे ना?"

आंद्रिसने तिच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं संसार करून हा विचार आपल्याला आधी सुचला नाही, याचाही त्याला राग आला.

मग हिवाळाभर काम चाललं. जगाकडच्या बाजूला आंद्रिसने ठरलं होतं ते ठरलं तसं केलं: भाला, छाती, पळणारे हाकारे. निर्दोष आणि निर्जीव. उमरावाच्या चेहऱ्यावर त्याने ताटलीवर असतो तेवढाच भाव ठेवला. आणि गालाच्या बाजूला खरं अस्वल उभं राहिलं. हिरव्या रंगात भिजवलेल्या शिंगाचं फरचं झाड, त्याच्या खोडाला कवटाळून बसलेला एक माणूस, एक पाय उघडा, खाली टाचेचा नक्षीदार बूट. झाडाखाली दाताळं रोवून उभा असलेला दुसरा. अस्वलाचा केस न् केस निराळा. झुझ्काने त्यासाठी हाड इतकं घोटलं होतं की त्यात दिवा दिसावा.

चूक झाली ती एकाच ठिकाणी, आणि ती मायेने झाली. आंद्रिस युराचं डोकं कोरत होता, एका कानाचं. झुझ्काने त्याचं मनगट धरलं.

"तो रोज पाण्यात स्वतःला अर्धा बघतो," ती म्हणाली. "हाडात तरी पुरता असू दे."

जगाशी भांडणाऱ्या माणसांची एक गोम असते; बायको हळू आवाजात बोलली की त्यांचं काही चालत नाही. आंद्रिसने दुसरा कान कोरला. सुबक कोरला.

बाल्ट्सरने बंदूक जुळवली, आपला शिक्का मारला, जगाकडची बाजू डोळे भरून पाहिली, आणि सवयीप्रमाणे दुसरी पाहिली नाही. मग ईस्टरच्या आधीचे लेंटचे उपास सुरू असताना उमराव स्वतः दुकानात आला. डोक्यावर नव्या धर्तीचा कुरळ्या केसांचा टोप, खांद्यापर्यंत लोंबणारा. आंद्रिसला एक हाडाची पट्टी ठोकून बसवायला बोलावलं होतं, म्हणून तो तिथेच मागे उभा होता. उमरावाने जगाकडच्या बाजूवरून एक बोट फिरवलं, बरं आहे म्हणाला, आणि बंदूक उलटी केली.

दुकानात कानस चालत होती ती थांबली. बाल्ट्सरने मान पुढे काढून पाहिलं आणि त्याचा चेहरा सरसासारखा झाला. आंद्रिसने हाताची घडी घातली. या क्षणासाठी तो हिवाळाभर जगला होता. काय होईल ते होवो, तुरुंग तर तुरुंग, हातोडी त्याने मुद्दाम खाली ठेवली होती.

उमराव हसला. मनापासून, पोट हलवून हसला.

"हे तर त्या बाजूपेक्षा सरस आहे," तो म्हणाला. "हा मी. आणि हा वर कोण लटकलाय?"

बाल्ट्सर पुढे सरसावला. "हाकारा असणार, सरकार. दुसरं कोण."

"अगदी अस्संच झालं होतं," उमराव म्हणाला. "पोरं झाडावर, आणि मी एकटा खाली."

खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं, अशी आंद्रिसची तोवर भाबडी समजूत होती. ती तिथे, कानशींच्या चुऱ्यात पडून फुटली. या माणसाला खरंच तसं आठवत होतं. झाडावरून उतरल्यापासून त्याने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की तो आता स्वतः झाडाखाली उभा होता. कातडं घेतलं, पंजे खाल्ले, आणि आता ते दाताळंही त्याने युराच्या हातातून काढून घेतलं. त्यावर बोट ठेवून म्हणाला, बघा, भाल्याला चक्क तीन पाती, या कारागिरांची हौस.

वर त्याने दुरुस्त्या सांगितल्या. झाडावरचा आणखी घाबरलेला दिसू दे, डोळे मोठे कर. खालच्याच्या टोपीला पीस हवं, माझ्या टोपीला असतं. आणि तो बूट काढ. हाकाऱ्याला टाचेचा बूट कुठून मिळणार? खेडवळ पायताण कर.

आंद्रिस बंदूक घेऊन घरी आला आणि बोलला नाही. झुझ्का घाबरली. ओरडणारा नवरा तिच्या सवयीचा होता. हा कोण आणला? त्याने बसून डोळे मोठे केले. पीस लावलं. बुटाची चकती काढून तिथे पायताण बसवलं. गालाची बाजू, जी त्याने कधी कुणाला विकली नव्हती, ती आता सगळीच्या सगळी उमरावाची झाली. मग त्याने तुटक तुटक, हाडाच्या चकत्या पाडाव्या तसं, दुकानात काय झालं ते तिला सांगितलं.

झुझ्काने दिवा जवळ ओढला. भावाच्या त्या डाळीएवढ्या डोक्याकडे बघत राहिली. दोन कान, वर पीस. कुणाचंही डोकं होऊ शकलं असतं.

"काढा तो कान," ती म्हणाली. "मीच लावायला लावला. पण माझ्याने काढवणार नाही, तुम्ही काढा."

कोरणीचा एक फटका. उजव्या बाजूला एक खाच, तीत काजळ. घोटायला वेळ नव्हता. बाल्ट्सरचा माणूस दाराशी उभा होता. या खेपेला बाल्ट्सरने दोन्ही बाजू डोळ्यांत तेल घालून पाहिल्या. पीस होतं, पायताण होतं. मसुराएवढ्या डोक्याला कान किती आहेत हे बघायचं मात्र त्याला सुचलं नाही. गावात तसे सगळ्यांना दोन असतात.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी उगाच न्यायाची वाट बघत बसणार नाही. उमरावाचं लग्न झालं. म्हाताऱ्या काउंटने थोडे आढेवेढे घेतले, पण दोन्ही घरच्या जमिनी एकमेकींना लागून होत्या, आणि जमिनींना कान नसतात. नवरानवरीच्या पायांखाली अस्वलाचं कातडं अंथरलं होतं. बाल्ट्सरने आंद्रिसकडे पुन्हा दस्ता पाठवला नाही. आंद्रिस आता कंगवे करतो, आणि कंगव्याला गालाची बाजू नसते हा त्याचा नवा राग आहे. युराला हाक्यातून काढलं आणि गढीच्या गवतावर लावलं; तिथे कारभाऱ्याने त्याला दाताळं दिलं ते वाकलेल्या दात्यांचंच. या सगळ्याला म्हणावं तरी काय? चेशिनमध्ये याला रीत म्हणतात.

पण त्या रानकोंबड्याच्या शिकारीची हकीकत युराने बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून सांगितली, ती अशी.

कोंबडे कुठल्या झाडांवर गातात हे युराइतकं कुणाला ठाऊक नाही, म्हणून वाट दाखवायला त्यालाच पुढे घातलं होतं. थोरांच्या पुढे टोपी काढावी लागते, तो उघड्या डोक्याने उभा. काउंट म्हातारा, डोळ्यांनी अधू; त्याला काहीही बघायचं तर नाकाला लावून बघावं लागे. पहाट फुटताना उमरावाने बंदूक नजर केली. म्हाताऱ्याने ती गालाला लावली, खाली घेतली, गाल चोळला, आणि मग दस्ता नाकाशी नेऊन बराच वेळ बघत राहिला. नंतर त्याने युराकडे पाहिलं, जवळ येऊन, दस्त्याकडे पाहिलं तसंच.

"हाल्डेक," तो होणाऱ्या जावयाला म्हणाला, "जरा टोप वर करा."

उमरावाला कळेना. पण सासरे म्हणाले, म्हणून त्याने ते कुरळे केस दोन्ही हातांनी कानांवरून उचलून धरले.

"छान," म्हातारा म्हणाला. "दोन्ही आहेत." आणि बंदूक युराच्या हातात दिली. म्हणाला, पहिला बार तू काढ.

हाक्याच्या माणसाने बंदूक उडवायची नसते. नेम धरून तर नाहीच नाही. युराने ती गालाला लावली. वर शेंड्यावर कोंबडा मान ताणून गात होता. बार निघाला, फांदी तुटली, कोंबडा उडाला, आणि त्या रानातले झाडून सगळे कोंबडे त्याच्यामागून उडाले. त्या दिवशी कुणालाच काही मिळालं नाही.

आंद्रिस इथवर श्वास रोखून ऐकत होता. आता त्याचा बांध फुटला. "चुकलास? माझ्या बंदुकीने? उभ्या जन्मात एकदा आपल्यातल्या कुणाच्या हातात आली, आणि तू चुकलास?"

"दाजी, तो गात होता हो," युरा म्हणाला. "गाताना त्याचे डोळे मिटलेले असतात, ऐकूही येत नाही काही. जरा वर धरली मी."

उमराव झाडावर चढतो, हा कोंबड्यावर दया करतो, आणि मध्ये आपण हिवाळाभर डोळे फोडतो. आंद्रिस तणतणत अंगणात गेला आणि कढई ढवळू लागला. झुझ्काने भावाच्या ताटात आंबवलेला कोबी वाढला. थोड्या वेळाने खिडकीतून आंद्रिसचं डोकं आत आलं.

"नीट गालाला लावलीस ना?"

"लावली."

"कशी लागली?"

युराने आठवून बघितलं. "गुळगुळीत. लोण्यासारखी. एका ठिकाणी फक्त जराशी खरखरीत होती."

"खरखरीत?" आंद्रिसचा आवाज गल्लीच्या टोकाला चामडेवाल्यांपर्यंत गेला. "माझं काम, आणि खरखरीत?"

झुझ्काने खिडकी लावून घेतली. तो बाहेर बराच वेळ कढईला सुनावत होता, की घोटायला वेळ कुणी दिला नाही, दारात माणूस उभा केला होता. आत युरा जेवत होता, आणि मधूनच घास थांबवून त्याचं बोट गालावर त्या जागी जात होतं.